लपायला टेबलच नाही: डहाणूचे भूकंपसत्र आणि दोन खोल्यांची एक शाळा

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या किनाऱ्याचे उत्तर टोक म्हणजे पालघर जिल्ह्यातले डहाणू आणि तलासरी हे तालुके. मुंबईकरांना हा भाग घोलवडचे चिकू आणि बोर्डीचा समुद्र यामुळे ठाऊक असतो. अहमदाबाद महामार्ग ओलांडून पूर्वेकडे वळले की चिकूच्या वाड्या मागे पडतात आणि टेकड्यांवर विखुरलेले वारली पाडे लागतात. एका पाड्याची घरे दोन-तीन टेकाडांवर असतात. हाक मारली तर ऐकू जाते, पण पोहोचायला ओहोळ ओलांडावा लागतो. धुंदलवाडी, हळदपाडा ही नावे २०१८ च्या आधी वर्तमानपत्रात फारशी यायची नाहीत.

नोव्हेंबर २०१८ पासून या पट्ट्यात जमीन हलू लागली. पहिले काही धक्के इतके लहान होते की, आधी आवाज आला आणि मग भांडी वाजली. खदानीत मोठा सुरुंग लागला असेल, महामार्गाच्या कामाचे काहीतरी असेल, असे तर्क निघाले. भूकंपाचे केंद्र फार खोल नसले की धक्क्याबरोबर असा गडगडाट ऐकू येतो, हे लोकांना पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेची माणसे यंत्रे बसवायला आली तेव्हा कळले. तोवर पाड्यात आवाजाचीच भीती बसली होती.

हे प्रकरण त्या भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेचे आहे. शाळा आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे दिलेली नाहीत आणि किरकोळ तपशील बदलले आहेत. मोठ्या धक्क्यांच्या तारखा आणि त्यांचे रिश्टर मात्र नोंदलेले आहेत तेच आहेत.

शाळा पहिली ते पाचवी, शिक्षक दोन: मुख्याध्यापक, ज्यांना सगळा पाडा ‘गुरुजी’ म्हणतो, आणि एक बाई. खोल्याही दोनच. जुनी खोली विटांची, वर लाकडी वासे आणि कौले. नवी खोली स्लॅबची. दोन्हींच्या मध्ये पोषण आहाराची पत्र्याची शेड. मुले सतरंजीवर बसतात.

पाड्यातली जुनी घरे कुडाची आहेत. कारवीच्या काठ्या उभ्या लावून त्यावर शेणमातीचा गिलावा, लाकडी खांब, वर कौले. मधल्या काळात घरकुल योजनेतली विटांची घरे आली. कुडाचे घर हलते, वाकते, गिलाव्याचे पोपडे सोडते, पण सहसा अंगावर कोसळत नाही. चार इंची विटांची, कोपऱ्यात नीट न जुळवलेली, वरून काँक्रीटचा पट्टा न घातलेली भिंत मात्र धक्का खाऊन उभीच्या उभी बाहेर झुकते. सरकारी कागदावर पहिले घर कच्चे आणि दुसरे पक्के. भूकंपात हा क्रम बरेचदा उलटा होतो.

आणखी एक गोष्ट पुढे वारंवार आड येणार आहे. दिवाळीनंतर भात झोडून झाले की पाड्यातली धडधाकट माणसे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, बोटींवर किंवा गुजरातेत कामाला जातात. ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहतात आजी-आजोबा आणि शाळेची पोरे. भूकंपांचा जोर नेमका याच महिन्यांत होता.

१ फेब्रुवारी २०१९

त्या शुक्रवारी सकाळी सातच्या सुमारास पहिला धक्का बसला. तीन रिश्टरच्या थोडा वरचा. शाळा भरायच्या वेळी, दहा ते साडेदहाच्या दरम्यान, आणखी दोन बसले. गुरुजींच्या पुढचा पहिला खरा निर्णय इथे आहे: आलेल्या मुलांना घरी पाठवायचे की ठेवून घ्यायचे?

बाईंचे म्हणणे घरी पाठवा. बाहेरगावी असलेल्या आई-बापांचे फोन सुरू झाले होते, एक-दोन आज्या मुलांना न्यायला येऊनही उभ्या होत्या. गुरुजींना ते पटेना. मुले घरी जाऊन बसणार कुठे, तर कौलाखालीच. शिवाय वाटेत ओहोळ, आणि घरी तान्ह्या भावंडांना सांभाळायला हीच दुसरी-तिसरीतली पोरे. शाळेच्या पटांगणात निदान मोकळे आकाश होते आणि दोन मोठी माणसे होती.

त्यांनी जुन्या खोलीला कुलूप लावले, सतरंज्या आंब्याखाली आणून अंथरल्या आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींना शेडबाहेर तीन दगडांची चूल मांडायला सांगितली. नेणाऱ्या आज्यांना अडवले नाही. पण मुलांना एकटे सोडायचे नाही, मोठे माणूस आले तरच, एवढे ठरवून टाकले. मला हा त्या दिवसाचा सर्वांत चांगला निर्णय वाटतो, आणि तो कुठल्याही परिपत्रकात नव्हता.

दुपारी दोन वाजून गेल्यावर ४.१ चा धक्का बसला. जुन्या खोलीच्या वळचणीची कौले घसरून ओटीवर फुटली. खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरपी जाणारी भेग पडली. मुलांना काही झाले नाही. दुपारनंतर आणखी दोन धक्के आले.

संध्याकाळी बातमी आली: हळदपाड्यात घाईने बाहेर पडताना दोन वर्षांची एक मुलगी दगडावर पडून दगावली. घर पडले नव्हते.

अडचण नेमकी कोणती

४.१ हा भूकंपशास्त्राच्या हिशेबात किरकोळ धक्का. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ चा भूकंप झाला. रिश्टरचा एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, म्हणजे किल्लारीचा धक्का या धक्क्याच्या जवळपास चौदाशे पट. किल्लारीत जाड दगडमातीच्या भिंतींखाली माणसे गेली, आणि महाराष्ट्रात भूकंप म्हटले की अजूनही तेच चित्र डोळ्यांपुढे येते: रात्र, ढिगारा, सगळे गाव सपाट. अधिकारी, पत्रकार, प्रशिक्षण द्यायला आलेली मंडळी, सगळ्यांच्या बोलण्यात तेच. त्यामुळे सगळा विचार ‘मोठा आला तर’ याभोवती फिरत राहिला. पाड्यासमोरची अडचण वेगळी होती.

पहिले म्हणजे याला शेवट दिसत नव्हता. नेहमीच्या भूकंपात एक मोठा धक्का येतो आणि मग त्याच्या मागून येणारे लहान होत जातात. इथे तसा ठळक मुख्य धक्काच नव्हता. याला भूकंपसत्र म्हणतात. शेकड्यांनी लहान धक्के, मध्येच एखादा मोठा, मग चार दिवस शांत, पुन्हा सुरू. फेब्रुवारीत पाहणीला आलेल्या एका साहेबांनी धीर द्यायचा म्हणून पाड्यात सांगितले, ‘मोठा होऊन गेला, आता कमी कमी होत जातील.’ महिन्याभराने, १ मार्चला, ४.३ चा बसला. त्यानंतर सरकारी माणसाच्या कुठल्याही वाक्यावर विश्वास ठेवायला लोक तयार नव्हते, खऱ्या वाक्यावरसुद्धा.

दुसरी गोष्ट धावण्याची. पाड्यात इजा झाली ती बहुतेक धावण्यातून. उंबऱ्याला ठेच, ओटीच्या पायरीवरून पडणे, दारातून बाहेर पडता पडता वळचणीचे कौल डोक्यात. कौलारू घराला सर्वांत धोक्याची जागा कुठली, तर दाराबाहेरचे पहिले दोन हात. आणि घाबरलेला माणूस तिथेच येऊन थांबतो, मागे वळून घराकडे बघतो.

तिसरी अडचण या लेखाच्या मथळ्यात आहे. आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण द्यायला आलेल्या पथकाने मुलांना शिकवले: खाली बसा, टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय घट्ट धरा. माहितीपत्रकावर चित्रही तसेच, बाक असलेला वर्ग. शाळेत टेबल एकच होते, गुरुजींचे. त्यावर हजेरीपट ठेवलेले. पथक गेल्यावर तिसरीतल्या एका मुलीने विचारले, ‘गुरुजी, टेबलाखाली कोण जाणार?’ आणि वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. मुलांनी त्या धड्यातून घेतले ते एवढेच, की हा सल्ला दुसऱ्या कुणासाठी आहे.

नुकसानभरपाईचेही त्रांगडे होते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या तेव्हाच्या निकषांत घराचे किमान १५ टक्के नुकसान झाले असेल तरच अंशतः पडझडीची मदत बसायची: पक्क्या घराला ५,२०० रुपये, कच्च्याला ३,२००. एका धक्क्यात अमुक इतके पडले, असे गृहीत धरलेला तो नियम. इथे दर धक्क्याला भेग केसभर वाढायची. तलाठी येईल त्या दिवशी ती १५ टक्क्यांत बसायची नाही, आणि पुढच्या धक्क्यानंतर तलाठी यायचा नाही.

समोर असलेले पर्याय

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक ४ फेब्रुवारीला आंब्याखालीच झाली. समितीतले निम्मे पालक भट्टीवर, म्हणून त्यांच्या जागी आज्या आल्या. कागदावर गणसंख्या पूर्ण नव्हती. गुरुजींनी तरी इतिवृत्त लिहिले.

शाळा बंद ठेवावी, हा एक पर्याय. पालकांना तोच हवा होता. पण किती दिवस? नोव्हेंबरपासून चाललेली गोष्ट फेब्रुवारीत थांबेल असे कुणीच सांगू शकत नव्हते. शिवाय पाड्यातल्या पुष्कळ मुलांचे दिवसातले पोटभर जेवण शाळेचीच खिचडी होती. हा मुद्दा बाईंनी मांडला. त्याच आधी घरी पाठवा म्हणत होत्या, आणि मत बदलल्याचे त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

मुलांना आश्रमशाळेत हलवावे, हा प्रस्ताव पाच मिनिटांत निकालात निघाला. आश्रमशाळाही त्याच पट्ट्यात, तिथली मुलेही तंबूत झोपत होती.

तिसरा पर्याय प्रशासनाने देऊ केलेल्या तंबूंचा. तंबू गावोगाव वाटले जात होते आणि त्यांची गरज होती, यात शंका नाही. फेब्रुवारीच्या रात्री टेकडीवर अंगावर दव पडते. लोक मुलाबाळांना घेऊन खळ्यात झोपत होते, खोकला-तापाची मुले रोज आशाताईंकडे येत होती. रात्रीसाठी तंबू ठीक. दिवसा मात्र आत बसवेना. प्लास्टिकचे कापड अकराच्या उन्हात तापते, बाजू वर केल्या तरी वारा येत नाही. एका आजीने बैठकीत सरळ सांगितले, ‘घर पडेल तेव्हा पडेल, पण त्या पिशवीत पोर रोज शिजेल.’

चौथा पर्याय स्लॅबच्या नव्या खोलीत दोन्ही वर्ग एकत्र बसवण्याचा. त्यावर सर्वांत जास्त वाद झाला, आणि माझ्या मते तोच वाद मोलाचा होता. पाड्याला स्लॅबची भीती वाटत होती. कौल पडले तर डोके फुटेल, स्लॅब पडला तर उरणार काय? गुरुजींना वाटत होते की खांब-तुळयांची ती खोली जुन्या खोलीपेक्षा कितीतरी भक्कम आहे. तेही शक्य होते. पण त्यांच्याकडे आधार काय? खोलीचा नकाशा शाळेत नव्हता, ठेकेदार कधीच निघून गेला होता, आणि आत सळई किती आहे हे गिलाव्यावरून कळत नाही. हा तालुका तेव्हाच्या भूकंपप्रवण नकाशात मध्यम धोक्याच्या तिसऱ्या क्षेत्रात होता, म्हणजे बांधकाम त्या हिशेबाने व्हायला हवे होते. झाले होते का, ते सांगणारे बैठकीत कुणी नव्हते.

बंद, आश्रमशाळा, तंबू, स्लॅब. या चारही पर्यायांत ‘सुरक्षित जागा कुठली’ एवढाच प्रश्न होता. बैठक संपता संपता मावशींनी तो बदलला. त्या म्हणाल्या, ‘जागा कुठली पण घ्या, पोरं धडाम झालं की घराकडे पळतात, त्याचं काय?’

काय केले

मांडव घातला. बांबू, वर भाताचा पेंढा, तिन्ही बाजू मोकळ्या. लग्नाचा मांडव घालणारे हात पाड्यात होतेच. आज्यांनी आणि मागे राहिलेल्या दोन-चार तरुणांनी तो दोन दिवसांत उभा केला. वरून काही पडलेच तर पेंढा पडणार. आगीची धास्ती होती, म्हणून चूल मांडवापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेली आणि शेजारी पाण्याचे पिंप ठेवले. शाळा सकाळची केली. ऊन चढायच्या आत खिचडी खाऊन मुले मोकळी. वरिष्ठांची परवानगी नंतर आली.

मग सराव बदलला. टेबल गेले. मांडवात असताना धडाम झाले तर उठायचेच नाही, बसल्या जागी दप्तर डोक्यावर. घरात असताना काय, यावर गुरुजी आणि बाई पाड्यातल्या घराघरांत फिरले आणि प्रत्येक मुलाला त्याच्या घरातली जागा दाखवली. कुडाच्या घरात माळ्यावर धान्याची कणगी, जड लाकडे, भांडी असतात. त्यांच्याखालून बाजूला, खांबाजवळ उकिडवे बसायचे, डोक्यावर घोंगडी किंवा टोपली. दार अगदी दोन पावलांवर असेल आणि कडेवर कुणी नसेल तरच बाहेर, आणि बाहेर पडलात तर वळचणीखाली न थांबता थेट खळ्यापर्यंत. विटांच्या घरकुलांसाठी मात्र सल्ला वेगळा ठेवला: त्यात रात्री झोपायचेच नाही, निदान कोपऱ्यात भेग असलेल्यात तर नाहीच. एकाच पाड्यात दोन प्रकारच्या घरांना दोन नियम. ऐकायला अवघड वाटते, पण मुलांना ते पाठ झाले, कारण नियम त्यांच्या घराचा होता.

दारावरची कौले काढली. ही कल्पना पाड्यातल्या एका म्हाताऱ्या सुताराची. त्याचे म्हणणे, अख्खे छप्पर बदलायला पैसे कुणाकडे आहेत? दाराच्या वरच्या वळचणीची कौले उतरवा आणि तिथे पत्र्याचा तुकडा ठोका. पत्रा घसरत नाही, आणि घसरला तरी खिळ्याला लटकतो. उतरवलेली कौले फुटलेल्यांच्या जागी वापरता येतात. ज्यांना पत्रा परवडला नाही त्यांनी शेवटच्या दोन ओळी वाशांना तारेने बांधल्या. सगळ्या घरांवर हे झाले नाही. भट्टीवर गेलेल्यांची कुलूपबंद घरे तशीच राहिली.

भेगांवर बाईंनी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. वहीच्या पानाची बोटभर रुंद पट्टी, भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना खळ, आणि वर तारीख. भेग वाढली की पट्टी फाटते. अभियंते याच कामाला प्लास्टरमध्ये बसवलेली काचेची पट्टी वापरतात, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. काच कुठून आणणार, म्हणून कागद. जुन्या खोलीच्या तिरप्या भेगेवरची पट्टी १६ फेब्रुवारीला फाटली. त्याहून वाईट म्हणजे मागच्या भिंतीचा कोपरा. तिथली पट्टी वरच्या बाजूला फाटली, खाली शाबूत. दोन भिंती माथ्याकडून एकमेकींपासून सुटत होत्या. तिरपी भेग डोळ्यांत भरते आणि सगळे तिचाच फोटो काढतात. कोपरा सुटला की मात्र वरचे वासे कशावर टेकले आहेत हाच प्रश्न उरतो. शाखा अभियंता अखेर आले तेव्हा तारखा घातलेल्या त्या पट्ट्या पाहून त्यांनी खोली वापरास अयोग्य असल्याचे तिथल्या तिथे लिहून दिले. अर्ज तीन आठवडे पडून होते. काम कागदाच्या पट्टीने केले.

गुरुजींनी एक वहीही ठेवली. तारीख, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात पाड्याच्या भाषेत माप: ‘फक्त आवाज’, ‘भांडी वाजली’, ‘कौल सरकले’, ‘उभे राहवेना’. लोकांची मोठी तक्रार होती की आम्हाला हादरे बसतात आणि मोबाइलवरच्या सरकारी यादीत ते दिसत नाहीत, म्हणजे लपवतात. लपवालपवीचा संबंध नव्हता. फार लहान धक्के जवळ यंत्र असल्याशिवाय नोंदता येत नाहीत, आणि म्हणूनच शास्त्रज्ञ या भागात यंत्रे वाढवत होते. वहीमुळे एक फायदा झाला. ‘आज रात्री बारा वाजता मोठा येणार’ असा निरोप मोबाइलवर फिरला, तेव्हा गुरुजींनी वही उघडून दाखवली: धक्के पहाटे आहेत, दुपारी आहेत, जेवताना आहेत, बाराचे असे खास काही नाही. भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही, हे शास्त्रज्ञाच्या तोंडून ऐकून पटले नव्हते. आपल्याच धक्क्यांच्या यादीवरून पटले.

१ मार्च

४.३ चा धक्का सकाळी अकराच्या थोडे पुढे बसला. मुले मांडवात होती. कुणालाही इजा झाली नाही, आणि कागदोपत्री हे यश म्हणायला हरकत नाही. जवळून पाहिले तर चित्र वेगळे होते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत जवळपास सगळी मुले दप्तर डोक्यावर घेऊन खाली बसली. मग हलणे थांबले, आणि चौथी-पाचवीतली सहा-सात मुले उठून उताराने घराकडे सुटली. बाईंनी हाका मारल्या, कुणी थांबले नाही. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी त्याच्यावर अवलंबून होते: पाळण्यातले भावंड, आंधळी आजी. मुले जीव वाचवायला पळाली नव्हती, सांभाळायला पळाली होती.

सराव मुलांच्या भीतीसाठी बांधलेला होता. त्यांच्यावर असलेल्या जबाबदारीचा विचार त्यात नव्हता. दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडीची लहान मुले आणि तान्ही बाळे सकाळच्या वेळात शाळेच्या मांडवातच ठेवायची, असे अंगणवाडी सेविकेशी बोलून ठरले. गोंगाट वाढला, अभ्यास कमी झाला. पळणे मात्र थांबले.

परिणाम

मांडवातली शाळा एप्रिलअखेरपर्यंत चालली. पावसाळ्यात ते शक्य नव्हते. जूनमध्ये शाखा अभियंत्यांनी नव्या खोलीचे खांब-तुळया तपासून हरकत नसल्याचे लिहून दिल्यावर दोन्ही वर्ग तिथे बसू लागले. कपाट भिंतीला क्लॅम्पने बांधले, खिडकीलगत कुणाला बसवायचे नाही असे ठरले. पालक भट्टीवरून परतले होते. त्यांच्यातल्या काहींनी पहिला आठवडा दाराबाहेर बसून काढला. जुन्या खोलीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती सरकारी नोंदीतून काढून टाकण्याचा प्रस्ताव गेला आणि यथावकाश ती पाडली गेली.

धक्के थांबले नाहीत. २०१९ च्या जुलैमध्ये भर पावसात मध्यरात्रीनंतर ३.८ चा धक्का बसला आणि याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका पाड्यात घर कोसळून एक प्रौढ गृहस्थ गेले. फेब्रुवारीतल्या धक्क्यापेक्षा हा धक्का लहान होता. पण तेव्हा भिंती कोरड्या होत्या, जुलैत पाणी प्यायलेल्या. नुसता आकडा धरून भीती मोजणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांत झिरपून दाब वाढतो आणि त्यातून हे धक्के येत असावेत, अशी शक्यता शास्त्रज्ञांनी मांडली आहे. ती खरी असेल तर पावसाळा आणि ओल्या भिंती हा योग पुन्हा पुन्हा येणार. २०२० च्या सप्टेंबरातही चार रिश्टरच्या आसपासचा धक्का याच भागात बसला.

भरपाईचे म्हणाल तर पाड्यातल्या मोजक्या घरांना मदत मिळाली. बाकीच्यांची भेग टक्क्यांत बसली नाही.

वेगळे काय करता आले असते

नोव्हेंबर ते जानेवारी हे तीन महिने वाया गेले. धक्के चालू होते, शाळा नेहमीसारखी जुन्या खोलीतच भरत होती, आणि भेग दिसेपर्यंत कुणी वर पाहिले नाही. दारावरची कौले उतरवायला भूकंपतज्ज्ञ लागत नाही, सुतार लागतो. तो पाड्यातच होता. पण त्याला कुणी विचारले नव्हते, कारण मदत बाहेरून येणार असे सगळ्यांनी धरले होते. तंबू आले, पथके आली, तज्ज्ञ आले. त्या सगळ्यांचे स्वागत-सत्कार आणि फोटो यातही शाळेचे बरेच दिवस गेले, हे गुरुजी खासगीत बोलून दाखवतात.

प्रशिक्षण देणाऱ्या पथकाने पाड्यातले एकच घर आतून पाहिले असते तर टेबलाचा धडा बदलला असता. त्यांच्या हेतूबद्दल तक्रार नाही. पण बाक असलेल्या शहरी शाळेसाठी लिहिलेला धडा सतरंजीवरच्या मुलांना देताना, निदान ‘टेबल नसेल तर’ हे पुढचे वाक्य तयार हवे.

पंचनाम्यांबाबत एक सोपी सोय होती आणि ती उशिरा सुचली. शाळेसारख्याच तारखेच्या पट्ट्या घराघरांत लावून फोटो ठेवले असते, तर ‘ही भेग जुनीच आहे’ हे तलाठ्याचे ठरलेले वाक्य खोडता आले असते. गुरुजींनी मेमध्ये ते सुरू केले, तोवर पहिल्या फेरीचे पंचनामे बंद झाले होते.

एका बाबतीत मात्र गुरुजींचे आणि माझे मत जुळत नाही. १ फेब्रुवारीला मुलांना ठेवून घेतले ते बरोबर, पण पालकांना त्याच वेळी फोन करायला हवे होते, असे मला वाटते. ते म्हणतात, तीसेक पालकांना फोन करायला ना वेळ होता ना रेंज. भट्टीवर बातमी पोहोचली ती हळदपाड्याच्या मृत्यूची, आपली पोरे आंब्याखाली सुखरूप असल्याची नव्हे. काही बाप रातोरात मोटरसायकलने आले, दोन कुटुंबे आगाऊ घेतलेली उचल न फेडताच परतली आणि मुकादमाचे देणे त्यांच्या डोक्यावर राहिले. प्रत्येक भट्टीवर एक नंबर, त्या एका माणसाने बाकीच्यांना सांगायचे, एवढी यादी आधी असती तरी भागले असते.

ती यादी आता दिवाळीच्या सुट्टीआधी होते. पालक कामावर निघायच्या आठवड्यात समितीची बैठक घेतात. कुणाचे लहान मूल कुणाकडे राहणार, कुठल्या भट्टीवर कुणाचा फोन चालतो, कुणाच्या दारावर अजून कौलेच आहेत, हे तिथे लिहून घेतात. मागच्या बैठकीत कौलांच्या रकान्यात पाच घरे शिल्लक होती.